शनिवारच्या सामन्यांचा नकाशा

सप्टेंबर लागला की आमच्या गल्लीतली चेस्टनटची झाडं फळं टाकायला लागतात. पार्क केलेल्या गाड्यांच्या टपावर एखादं फळ टण्णकन आपटतं, उडी मारून रस्त्यावर येतं आणि घरंगळत गटारीच्या जाळीपाशी जाऊन थांबतं. सकाळी काचेवरचं दव पुसताना हात गारठतो. बाजारात भोपळ्यांचे ढीग लागतात, बेकरीत कांद्याच्या केकचा वास सुटतो. आमच्या या जर्मन गावचे, ब्राउनश्वाइगचे लोक एकमेकांना सांगतात, हेर्ब्स्ट आला, म्हणजे शरद आला. आमच्या घरात मात्र या दिवसांत शरदाच्या आतला आणखी एक ऋतू सुरू होतो. त्याचा वार ठरलेला असतो. तो फक्त शनिवारी येतो.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हा ऋतू. तासगावच्या माणसांचा, पुण्यात शिकून जर्मनीत गियरबॉक्स तपासत बसलेल्या माझ्यासारख्या माणसाचा या खेळाशी काडीचा संबंध नव्हता. तो आमच्या मुलीमुळे, सईमुळे आला. सई खेळत नाही. ती ट्रॉम्बोन वाजवते. इथल्या संगीतशाळेत शिकली, आणि शाळा संपल्यावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकायला गेली ती तिथल्या मार्चिंग बँडमध्ये घुसायचं ठरवूनच. सामन्याच्या मध्यंतरात शेकडो मुलं वाजवत मैदानात उतरतात, चालता चालता आकृत्या करतात. त्यातली एक टोपी आमची.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. आणि दर वर्षी हा ऋतू आला की मला जे आठवतं ते मी परवापरवापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी बोलका माणूस नाही. मंजिरी, माझी बायको, म्हणते, तुझ्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा घ्यावा लागतो. पण गप्प राहणं हा स्वभाव असतो तसाच तो आडोसाही असतो. मी आडोशाला होतो.

सई जायची होती त्या उन्हाळ्यात मंजिरीचे वडील आमच्याकडे आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तासगावजवळच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, मंजिरी एकुलती एक. आबा सकाळी पांढरा शर्ट घालून, दाढी करून तयार होत आणि मग दिवसभर कुठेही जात नसत. सई तळघरात ट्रॉम्बोनचा सराव करायची, कारण वर वाजवलं की शेजारच्या बाई दार ठोठावायच्या. तर आबा खाली जाऊन हिवाळी टायरांच्या चवडीवर बसायचे. त्या अंधाऱ्या खोलीत रबराचा वास, बटाट्यांचा वास, आणि म्हशीच्या हंबरण्यासारखा एक लांब सूर. आबा डोळे मिटून ऐकायचे. सईला मराठी समजायचं पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. आबांना जर्मन येत नव्हतं. त्यांचं तासन् तास बोलणं चालायचं.

तिच्या विद्यापीठाचे जुने सामने त्यांनी तिच्याशेजारी बसून पाहिले. पहिल्याच दिवशी निकाल दिला, "ही तर कबड्डीच की. नुसता दम धरायचा राह्यलाय."

"नाइन, आबा!" नाही, नाही म्हणत सई हसून हसून लोळायची.

"काय नाइन? रेषा हाय, पकड हाय, मागं खेचणं हाय. उगा चेंडू घातलाय मधे."

मग सईनं त्यांना तिकडची रीत दाखवली. सामन्याच्या आदल्या दिवशीच लोक मोठमोठ्या राहत्या गाड्या घेऊन येतात, स्टेडियमबाहेरच्या मैदानात त्या लावतात, गाडीमागे शेगड्या पेटवतात, खातात, पितात, गातात आणि मग सामन्याला जातात. आबा एकदम ताठ बसले. "अहो जावईबापू, ही आपली जत्रा हाय! गाड्या सोडायच्या, तीन दगडांची चूल मांडायची, मटण शिजवायचं आणि मग कुस्त्या बघायला जायचं. मी माझ्या वडलांबरोबर बैलगाडीनं असाच जात होतो."

तिथून आमच्या सहलीचा जन्म झाला. ऑक्टोबरात अमेरिकेत एक वोनमोबिल भाड्यानं घ्यायचं, म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास असलेली गाडी, आणि सईच्या संघामागे गावोगाव फिरायचं. या शनिवारी तिच्या घरच्या मैदानावर, पुढच्या शनिवारी ओहायोत, मग इंडियानात. मधल्या दिवसांत रस्ता.

वोनमोबिलच का, तर आबांसाठी. त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता. आउटोबानवर, म्हणजे इथल्या हमरस्त्यावर, त्यांना मधूनमधून थांबावं लागायचं, आणि जावयाला तसं सांगणं त्यांच्या जिवावर यायचं. ते कधीच सरळ म्हणत नसत. खिडकीतून बाहेर बघत विचारायचे, "हितं कुठं चहा मिळत असंल का?" चहा मिळत असेल का म्हणजे काय, हे मला, मंजिरीला, सईला पक्कं ठाऊक होतं. तरी एखादे वेळी, उशीर होत असला की, मी म्हणायचो, "पुढं चांगला मिळतो, आबा." आणि ते मान डोलवायचे, मांडीवर हात घट्ट दाबून. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं आकाशातून पडल्यासारखं वाटणार नाही.

पण ते प्लॅनिंगचे दिवस! जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरलेला असायचा आणि ताटं मांडीवर घेऊन आम्ही जेवायचो. टाळेबंदी झाल्यासारखा शांत असणारा आमचा फ्लॅट गजबजून गेला होता. आबांनी सामन्यांच्या गावांवर शेंगदाणे ठेवले होते. संघ हरेल असं वाटलं की त्या गावाचा शेंगदाणा ते खाऊन टाकायचे. मंजिरी विचारायची, राहत्या गाडीत कुकर लावला तर शिट्टीनं कॅम्पवाले हाकलून देतील का. आबा म्हणायचे, "दिलं तर दिलं हाकलून, गाडीलाच चाकं हायेत की." जून-जुलैच्या त्या लांबच लांब संध्याकाळी, रात्री दहालाही उजेड, बाल्कनीतून कुणाच्या तरी ग्रिलचा धूर. मी आयुष्यात एवढा हसलो नव्हतो. मला वाटतं सहल तीच होती. नंतर जी झाली ती नुसता प्रवास होता.

रंगीत तालीम म्हणून आम्ही इथलंच एक वोनमोबिल शनिवार-रविवारासाठी घेतलं आणि हार्त्सच्या डोंगरात एका तळ्याकाठच्या कॅम्पिंग प्लात्सवर, म्हणजे अशा गाड्या लावायच्या तळावर गेलो. संध्याकाळ सुरेख गेली. देवदारांचा ओला वास, पाण्यावर धुकं, सईनं तळ्याकडे तोंड करून दोन सूर वाजवले आणि ते पलीकडच्या डोंगरानं परत पाठवले.

गाडीतल्या संडासाखाली एक बंद डबा असतो. तो भरला की ओढून काढायचा, चाकांवरून नेऊन ठरलेल्या जागी रिकामा करायचा. रात्री मी सगळ्यांना ते समजावून सांगितलं आणि म्हणालो, "सकाळी मी करीन." आता कळतं, आबा त्या क्षणापासून अस्वस्थ होते. आमच्याकडे जावयाचे पाय धुतात. अधिक महिन्यात त्याला ताट देतात. त्याच्यापुढे सासरा खुर्चीत सैलावून बसत नाही. त्या जावयानं आपली घाण उचलायची, हे ऐकून त्यांना झोप कशी लागली असेल? त्यातून रात्रभर तो डबा सगळ्यात जास्त त्यांनीच भरला होता.

पहाटे ते आमच्याआधी उठले. डबा काढला. त्यांना जर्मन पाट्या वाचता येत नव्हत्या. एक पन्हळीचं छप्पर, खाली ओळीनं स्टीलची बेसिनं, नळ. ते नेमकी भांडी घासायची जागा निवडून बसले.

मला जाग आली ती एका बाईच्या ओरडण्यानं. धावलो तर न्याहारीची ताटं, कॉफीचे मग हातात घेतलेली माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरकत होती. बेसिन तुंबलेलं, सांडलेलं, आणि मध्ये आबा. माकडटोपी, पायजम्याचे पाय भिजलेले, आणि दोन्ही हात जोडलेले. ते प्रत्येकाकडे वळून हात जोडत होते.

कॅम्पची व्यवस्था बघणारी बाई आली. तिनं मला विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

मी म्हणालो, "हो. माझ्या बायकोचे वडील. भारतातून आलेत. त्यांच्याकडे हे असंच चालतं."

त्यांच्याकडे. जसा मी तिथला नव्हतोच. जसा मी गावाकडच्या शेतात डबा घेऊन कधी गेलोच नव्हतो. आणि ते खोटंही होतं. असं कुणाकडेच चालत नाही, आबांकडे तर नाहीच. पायरीवरची धूळसुद्धा ते फडक्यानं टिपणारे. पण वीस वर्षं ज्या लोकांसारखं दिसायची मी मेहनत घेतली होती, त्यांच्यासमोर मला क्षणभर तरी आबांपासून वेगळं उभं राहायचं होतं. राहिलो.

मग आबांकडे वळून दबक्या आवाजात मराठीत म्हणालो, "तुम्ही गाडीत जाऊन बसा. काही करू नका. कशालाही हात लावू नका."

ते गेले. मागे पाहिलं तर सई उभी होती. तिनं दोन्ही भाषांतलं दोन्ही ऐकलं होतं. तिनं भिंतीवरचा पाइप काढला आणि बेसिन धुवायला लागली. ती कॅम्पवाली बाईच जरा वेळानं जंतुनाशकाचा कॅन घेऊन आली आणि म्हणाली, "होतं असं कधी कधी. माझ्या वडलांनी एकदा याहून वाईट केलं होतं." ती हसत होती. तिनं सोडून दिलं होतं. मी नाही सोडलं.

परतीच्या वाटेवर आबांनी कुठे चहा मिळतो का असं विचारलं नाही. घरी पोचेपर्यंत एकदाही नाही.

त्यानंतरही टेबलावरचा नकाशा तसाच होता. आबा पुन्हा शेंगदाणे मांडू लागले. मीही रस्ते आखत होतो, कुठला कॅम्प कुठल्या स्टेडियमजवळ ते दाखवत होतो. पण आत मी ठरवून टाकलं होतं. मला दिसायचं अमेरिकेतलं ते मोठं मैदान, रांगेनं लागलेल्या गाड्या, मोकळेढाकळे गोरे लोक, आणि मध्ये हात जोडून उभे आबा. आणि माझ्याकडे वळलेल्या नजरा. ठरवलं असं मी स्वतःशीही कधी म्हणालो नाही. तेवढीही हिंमत नव्हती.

ऑगस्टमध्ये सई गेली, आबा तासगावला परतले. मंजिरीचा आणि माझा पासपोर्ट जर्मन, आमचं घरबसल्या झालं. आबांना मात्र मुंबईला मुलाखतीला जाऊन व्हिसा घ्यावा लागणार होता, आणि त्याची तारीख मिळणं मुश्कील होतं. ते काम माझ्याकडे. आबा फोनवर सगळ्यांना सांगायचे, "आमचे जावईबापू बघतायत." तारखा खरंच मिळत नव्हत्या. मी रोज बघायचो आणि रोज मला हायसं वाटायचं.

एका सकाळी ऑफिसात बसलेलो असताना ती दिसली. मुंबई. आमच्या प्रवासाच्या पुरेशी आधीची तारीख. एक जागा. फक्त बोट टेकवायचं होतं.

मी कॉफी आणायला उठलो.

यंत्राजवळ गेलो, मोठी कॉफी निवडली. ती भरेपर्यंत उभा राहिलो. मग त्या यंत्राची दुधाची नळी धुतली. ती नळी मी त्याआधी कधी धुतली नव्हती, त्यानंतरही नाही. एक सहकारी आला, त्याच्या बागेतल्या गोगलगायींबद्दल बोलत राहिला, आणि मी त्याला प्रश्न विचारत राहिलो. परत आलो तेव्हा तारीख गेलेली होती. ती जाईल हे मला माहीत होतं. ती जावी म्हणूनच तर कॉफी होती.

संध्याकाळी फोन केला. "आबा, तारीखच मिळत नाहीये हो."

"असू दे, असू दे. तुम्ही कशाला एवढा जिवाला त्रास घेता, जावईबापू?"

दुसरं काही नाही. जावयाला उलट विचारायचं नसतं. एकदा तरी विचारलं असतं, नीट बघितलंत ना, तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. त्यांच्या सभ्यपणावर माझं पाप ढकलायची ही आणखी एक युक्ती.

मंजिरीला जायला बरं वाटत नव्हतं, वडील येणार नाहीत म्हणून. पण तरी आम्ही गेलो. मोठी पांढरी गाडी, दुतर्फा मक्याची वाळलेली शेतं, लाल-पिवळी झाडं, शुक्रवारी संध्याकाळी स्टेडियमबाहेर पेटलेल्या शेगड्या. आबांनी म्हटलं तशीच जत्रा. शेजारच्या गाडीतल्या माणसांनी आम्हाला मांसाचे तुकडे आणून दिले, मंजिरीनं त्यांना थालीपीठ दिलं. आणि रोज सकाळी मी हातमोजे घालून गाडीला जाड नळी जोडायचो, खटका ओढायचो. खळखळ आवाज यायचा, संपायचा. नळी धुवायची, हात धुवायचे. दात घासावेत इतकं साधं काम. कुणी बघत नाही, कुणाला काही वाटत नाही. पहिल्या सकाळी ते करताना मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. एवढ्यासाठी. एवढ्याशा कामासाठी.

सामना संपल्यावर सई धावत भेटायला आली. घामानं थबथबलेली, टोपीवरचा तुरा काढून हातात घेतलेला. आईला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून जर्मनमध्ये विचारलं, "आबा का नाही आले?"

"व्हिसाची तारीख मिळाली नाही."

 ती म्हणाली, "गेनाऊ."

अगदी बरोबर. बस, एवढंच. इथली मुलं हा शब्द येता-जाता बोलतात, त्याला फारसा अर्थ नसतो. तिनं तो असा उच्चारला की मी तुऱ्याकडे बघत राहिलो. मी कॉफी आणायला उठलो होतो हे तिला माहीत असणं शक्य नव्हतं. पण तळ्याकाठची सकाळ तिला माहीत होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

माणसाला लाज वाटते ती चुकीच्या जागी वाटते, हे मला फार उशिरा कळलं. ज्या सकाळी वाटायला नको होती तेव्हा ती माझ्या कानशिलापर्यंत चढली. कॉफीच्या यंत्रापाशी वाटायला हवी होती, तेव्हा मी गोगलगायींच्या गप्पा मारत होतो. ती मग हप्त्याहप्त्यानं येत राहिली, दर शरदात.

कारण त्या वर्षापासून आमचा एक रिवाज झाला. शनिवारी इथे संध्याकाळ असते, तासगावला जेवणं उरकलेली असतात, तेव्हा आबा फोन लावतात. ते त्यांच्याकडे सामना बघतात, आम्ही आमच्याकडे, आणि फोन चालू. मागच्या हिवाळ्यात ते अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात. सांभाळायला एक बाई आहेत. सामना मात्र चुकत नाही.

यंदाच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या शेजारी कुणी पाहुणा बसला होता. आबा त्याला मोठ्यानं सांगत होते, आम्हाला ऐकू येत होतं: "मला अमेरिकेनं येऊ दिलं न्हाई बघा. पण आमच्या जावयानं लई धडपड केली. रोज त्या कॉम्प्युटरपुढं. पोटचा पोरगा करणार न्हाई इतकी."

मंजिरीनं माझ्या हातावर हात ठेवला. कौतुकानं. मी तो हात तसाच राहू दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून आबांना फोन केला. पावसाचे थेंब काचेवर होते, वायपर बंद होता. मी सांगितलं. तारीख मिळाली होती. मी घेतली नाही. मुद्दाम. हार्त्समध्ये जे झालं त्याची मला लाज वाटली होती म्हणून. तुम्हाला लोकांसमोर न्यायची लाज वाटली म्हणून.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. सांभाळणाऱ्या बाईंनी काही विचारलं, त्यांनी "थांबा जरा" म्हटलं.

"म्हंजे मिळत होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि आता मिळंल?"

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा नेहमीसारखं असू दे म्हणतील. दोन्हींसाठी मी तयार होतो. वॉकर धरून चालणारा माणूस हे विचारेल यासाठी नव्हतो.

"मी बघितलं, आबा. सीझन संपल्यानंतरची आहे. तोवर सईचं तिथलं वाजवणं संपलेलं असेल."

"बरं," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. माझं नाव नाही, जावईबापू नाही.

काल शनिवार होता. टीव्हीवर सामना सुरू झाला. फोन सोफ्याच्या हातावर उताणा पडलेला. मंजिरी भाजलेले शेंगदाणे घेऊन आली, तिनं फोनकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आबांचा नाही आला अजून?"

"नाही."

"झोपले की काय? तू लाव ना."

"लावतो जरा वेळानं."

मध्यंतर झालं. बँड मैदानात उतरला. शेकडो टोप्या, शेकडो तुरे, सगळे एका चालीत. एरवी आबाच आधी ओळखतात: ती बघा, डावीकडून, टोपी वाकडी घातलेली. काल आम्ही दोघं शोधत राहिलो. आकृती झाली, मोडली, दुसरी झाली. सई आम्हाला दिसली नाही.

"अरे, काय झालंय?" मंजिरी म्हणाली. "त्यांना बरं नाही का? तुला काही माहितीये?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"बस जरा," मी म्हणालो.

ती बसली नाही.